कावळ्याला दिलेला शब्द

दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा नीरजाचं पुढचं आयुष्य तिला न विचारता ठरलं.

कावळे नव्हते असं नाही. बेतवेच्या काठावरच्या करंजावर ते बसले होते आणि खाली पिंडाकडे बघत होते. भातावर दही घातलं होतं. नीरजाच्या नवऱ्याला, मंदारला, आवडायचा म्हणून त्याच्या आईनं, अंबिकाबाईंनी, शेजारी बेसनाचा लाडू ठेवला होता. पलीकडे एक बुंदेली कुटुंब आपलं कर्म उरकून, भांडी विसळून निघूनही गेलं. कावळ्यासाठी असं खोळंबून राहण्याची रीत त्यांच्यात नाही. झाशीच्या मराठी घरांतून मात्र पिढ्या गेल्या, बोलणं निम्मं हिंदी झालं, तरी हा नेम सुटलेला नाही. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस सुटला. शिवला नाही म्हणजे त्याचं काहीतरी मागे राहिलं.

मंदारचं काय मागे राहिलं, ते घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याचं हृदय मागे राहिलं होतं. दिल्लीच्या इस्पितळात एका परक्या माणसाच्या छातीत ते चालू होतं.

मंदार रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. ग्वाल्हेर रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला तेव्हा हेल्मेट आरशाला अडकवलेलं होतं. झाशीच्या डॉक्टरांनी दिल्लीला हलवायला सांगितलं. तिथल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात त्याला मशीनवर ठेवलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं आणि सांगितलं की मेंदू मेला आहे, हा आता परत येणार नाही, पण बाकीचं शरीर अजून दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. सही बायकोची लागत होती. मंदारचे वडील नारायणराव, म्हणजे घरातले नाना, कलेक्टर कचेरीत सगळी नोकरी केलेले. सही म्हणजे काय ते त्यांना चांगलं कळत होतं. ते सुनेला म्हणाले की डोळे दे, मूत्रपिंडं दे, पण हृदय देऊ नकोस. हात लावून बघ, अजून गरम आहे तो.

नीरजानं सही केली, हृदयासकट. त्याचं कारण बाहेरच्या बाकावर बसलं होतं. एरचची कांचन. तिचा नवरा दिवाकर हृदयाची वाट बघत पडून होता. एरच म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, बेतवेवरचं गाव. एवढ्या ओळखीवर कांचननं आपल्या डब्यातल्या पुऱ्या नीरजाला खाऊ घातल्या होत्या, आणि नीरजा खात नव्हती तेव्हा घास करून तोंडाशी धरला होता. इस्पितळवाले कोणाचं काय कोणाला दिलं ते सांगत नाहीत. सांगायची गरजही पडली नाही. इकडे मंदारला आत नेलं आणि तिकडे दिवाकरला. दोन्ही घरची माणसं एकाच बाकावर होती.

मंदारला झाशीला आणलं तेव्हा अंबिकाबाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि काढून घेतला. नंतर त्या येईल त्याला सांगत, डोळे गेले तरी माणूस माणूसच राहतो, ती जागा रिकामी झाल्यावर मी कोणाला जाळलं ते मला माहीत नाही. हे त्या नीरजासमोर सांगत.

तर घाटावर कावळा शिवेना. ऊन चढलं. घरचे भटजी राजाभाऊ, झाशीत अशी कर्मं मराठी पद्धतीनं करणारे आता तेच उरलेत, त्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं की मनातलं बोला, त्याला शब्द द्या. नाना म्हणाले, तुझ्या आईला सांभाळीन. कावळा हलला नाही. अंबिकाबाई म्हणाल्या, तुझी देवपूजा मोडणार नाही, तुझा बाळकृष्ण उपाशी राहणार नाही. नाही. कोणी म्हणालं, नीरजाला सांभाळू म्हणा. तेही म्हणून झालं. शेवटी राजाभाऊंनी दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाची गाठ मारून तोच कावळा समजायचा आणि पिंडाला लावायचा, अशी सोय शास्त्रानं ठेवलेली आहे. नानांनी त्यांचा हात धरला. मग ते झाडाकडे बघून मोठ्यानं म्हणाले:

"मंदार, जोवर तुझं हृदय चालू आहे तोवर नीरजा तुझीच. तिचं कुंकू आम्ही पुसणार नाही. ती दुसऱ्या कोणाची होणार नाही. माझा शब्द."

एक कावळा उतरला. आधी त्यानं लाडू उलथा केला आणि मग भातात चोच घातली.

नीरजानं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे पुष्कळ जण विचारत की शिकलेली, नोकरी करणारी बाई, तिनं ऐकून कसं घेतलं. तिनं पाहिलं होतं.

त्या दिवसापासून ती विधवाही नव्हती आणि सवाष्णही नव्हती. मंगळसूत्र गळ्यात राहिलं. सकाळी कुंकू लावायला विसरली तर सासू करंडा घेऊन तिच्यामागे स्वयंपाकघरात येई. बाहेर मात्र या घराचं नाव झालं. गणेशोत्सवात मराठी समाजानं नारायणरावांना शाल आणि नारळ दिला. भाषण करणारे म्हणाले की मुलाचं हृदय दान करणारं आणि सुनेचं कुंकू राखणारं घर झाशीत आहे, याचा आपल्याला अभिमान वाटतो. टाळ्या झाल्या. नीरजाला व्यासपीठावर बोलावून तिची ओटी भरली. ग्वाल्हेरहून तिचे आईवडील आले होते, तेही डोळे पुसत म्हणाले की असं सासर नशिबानं मिळतं.

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. इथल्या बायका वडाची पूजा अमावास्येला करून मोकळ्या होतात. पौर्णिमेला झाडापाशी जुनं सूत गुंडाळलेलं असतं आणि चार मराठी बायका तेवढ्या येतात. त्यांच्यात नीरजाला उभं केलं. तिनं उपास धरला, फेऱ्या घातल्या आणि एरचच्या दुकानदाराच्या छातीतलं हृदय चालू राहावं म्हणून वडाला हात जोडले. बरोबरच्या बायकांतली इंदू म्हणून एक फटकळ बाई होती. ती हसून म्हणाली, "नीरजा, सातही जन्म तोच मागतेस, की आता एरचवाला?" अंबिकाबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. नीरजाला मात्र त्या सबंध वर्षात तेवढं एकच वाक्य खरं वाटलं.

दर महिन्याला तिघं एरचला जात. दिवाकर तोवर घरी आला होता. हडकुळा, गोरटेला, तोंडाला कापड बांधून दुकानात बसणारा माणूस. दुकानातलं खत आणि औषधं आता भाऊ बघायचा, हा नुसता बियाणांची पाकिटं मोजायचा. स्वभावानं थट्टेखोर. या लोकांची बस येऊन थांबली की तो शर्टाची वरची बटणं सोडूनच बाहेर यायचा. मग खाटेवर बसायचा आणि अंबिकाबाई त्याच्या छातीला कान लावायच्या. पुष्कळ वेळ लावायच्या. नाना बाजूला उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघायचे. त्या मान हलवायच्या, म्हणजे चालू आहे. नंतर दोघं त्याला बोलत. सायकलवर का बसलास, बाहेर उन्हात का गेलास, बायकोशी भांडलास का. दिवाकरची स्वतःची म्हातारी आई दारात उभी राहून हे बघायची. एकदा ती सुनेला म्हणाली की पोरगा मी जन्माला घातला आणि हिशोब ह्या बाईला द्यायचा.

कांचन मात्र त्यांना देवासारखं मानायची. घर तिनं इस्पितळासारखं ठेवलं होतं. चपला बाहेर, हात साबणानं, पाणी उकळून, भाजी शिजवून. कच्चं काही म्हणजे काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की परकं हृदय शरीरानं टाकून देऊ नये म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी अंगातली लढायची ताकद मारून टाकली आहे. साध्या माणसाचं पोट बिघडतं तिथं हा माणूस मरेल. त्या तपासणीला नीरजा सोबत म्हणून दिल्लीला गेली होती आणि हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कांचनशेजारी उभी होती. अंबिकाबाई आजवर लाडू, चिवडा, शंकरपाळे असंच नेत, तळलेलं आणि भाजलेलं.

मंदारच्या जागी नीरजाला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी मिळाली. तिथं विद्याधर होता. अकोल्याकडचा, चाळिशीला आलेला, लग्न न झालेला, डब्यात रोज पिठलं आणणारा. झाशीत मराठी कानावर पडत नाही म्हणून तो कंटाळलेला होता आणि नीरजाचं अर्धं हिंदी मराठी ऐकून तिची चेष्टा करायचा. ती "माझ्याने होऊन जाईल" म्हणाली की तो म्हणे, होऊन कुठे जाईल. दीड वर्षात मंदारनंतर पहिल्यांदा कोणाशी तरी ती हसत बोलली ती त्याच्याशी. मग त्यानं सरळ विचारलं. त्याची बदली भुसावळला होणार होती. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. नीरजानं त्याला कावळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला नाही.

"मी माणसाशी भांडलो असतो," तो म्हणाला. "ह्याच्याशी कसं भांडायचं ते तू सांग."

तिनं घरी सांगितलं. जेवणं झाल्यावर, दोघं बसलेली असताना. नाना रागावले नाहीत. ते म्हणाले की तुला कोणी बांधून ठेवलेलं नाही, कायद्यानं तू मोकळी आहेस. फक्त मी मंदारला शब्द दिला आणि त्यानं तो घेतला, हे तू पाहिलंस. तो शब्द मोडला की तो परत अडकेल आणि त्याच्या ओढीनं ते हृदय थांबेल. दिवाकरचा जीव जाईल. "तुला चालत असेल तर जा," ते म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

अंबिकाबाईंनी दुसऱ्याच दिवशी एरचला फोन केला.

पुढच्या फेरीला कांचननं नीरजाला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि तिचे पाय धरले. ती रडत नव्हती. कोणी विनवतं तशी विनवतही नव्हती. एखादी गोष्ट पक्की करून घ्यावी तसं तिनं म्हटलं, "दीदी, आप शादी मत कीजिएगा। इनके रहते मत कीजिएगा।" मग उठून तिनं कपाटातून हिरव्या बांगड्या काढल्या आणि नीरजाच्या हातात भरल्या. मनगटाला काच लागली, थोडं रक्त आलं, ते तिनं पदरानं पुसलं.

नीरजा त्याच पावली दिवाकरकडे गेली. तो दुकानात पाकिटं मोजत होता. तिनं त्याला सांगितलं की भैया, तुम्ही एकदा माझ्या सासूसासऱ्यांना सांगा, हे हृदय आता तुमचं आहे, ह्याचा माझ्याशी काही संबंध नाही. तुमचं ते ऐकतील. दिवाकर हसला. म्हणाला, भाभी, मी तर पहिल्यापासून सांगतोय, पंप आहे नुसता. डॉक्टर स्वतः म्हणाला, पंप बदलला. मोटर कोणाच्याही विहिरीची असो, पाणी आपल्याच शेताला जातं. मग त्यानं मोजायचं थांबवलं. तोंडावरचं कापड नीट केलं.

"कह तो दूँ भाभी," तो म्हणाला. "पर कहीं सच निकला तो?"

परतीच्या बसमध्ये नीरजा खिडकीशी बसली होती. त्या माणसानं पाकिटं परत पहिल्यापासून मोजायला घेतली होती, हे तिच्या डोळ्यांपुढून जाईना. विहीर, मोटर, सगळं त्याला समजत होतं. आणि तरी त्याला तिचं आयुष्य आपल्या उशाला हवं होतं.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला मंदारचा वाढदिवस यायचा. घरात तो तिथीनंच होई. नीरजानं लग्नाचं काढल्यापासून अंबिकाबाईंना झोप नव्हती. त्यांच्या मनानं घेतलं की हृदय आता धोक्यात आहे, लाडू-चिवड्यानं भागणार नाही, त्याला देवाचं बळ पाहिजे. म्हणून त्यांनी वाढदिवसाला बाळकृष्णाला अभिषेक घातला आणि ते पंचामृत एरचला न्यायचं ठरवलं. अभिषेकाला निरसं दूध लागतं. उकळलेलं दूध देवाला चालत नाही, हे झाशीच्या त्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. सकाळी गवळ्याकडून दूध नीरजानंच घेतलं. ते गॅसवर गेलं नाही, पाटावर गेलं, हे तिनं बघितलं. दही, तूप, मध, साखर पडली. वर तुळशीचं पान. डबा बंद झाला. बसमध्ये तो नानांनी मांडीवर धरला. उन्हानं खिडकीची दांडी भाजत होती. एरच येईपर्यंत डब्याला आतून फुगवटा आला होता. झाकण काढताना फसकन आवाज झाला.

नीरजा वाटेत ठरवत होती की तिथं गेल्यावर सांगू. खरोखर ठरवत होती.

दिवाकरला पाटावर बसवलं. अंबिकाबाईंनी औक्षण केलं, मंदारला करत तसंच, सुपारी आणि अंगठी ओवाळून. मग डबा उघडून चमचा भरला. कांचन पुढे आली. तिनं हिंदीत विचारलं की माताजी, दूध उकळलेलं आहे ना. अंबिकाबाई म्हणाल्या, देवाचं आहे. कांचनचं समाधान झालं नाही. देवाच्या वस्तूला नाही म्हणायचा धीर होईना आणि होही म्हणवेना. ती नीरजाकडे वळली. डॉक्टरांचं बोलणं जिनं आपल्याबरोबर ऐकलं, तिच्याकडे.

"दीदी, उबाला है न?"

अंबिकाबाईंचा चमचा हवेत थांबला. त्यांना हिंदी चांगलं समजत होतं. सबंध आयुष्य झाशीत गेलं होतं. त्या नीरजाकडे बघत होत्या आणि नीरजा त्यांच्याकडे.

"हाँ," नीरजा म्हणाली. "उबाला है।"

चमचा दिवाकरच्या तोंडात गेला. मग दुसरा. थोडं आंबूस आहे, पण माताजींच्या हातचं आहे, असं तो म्हणाला आणि त्यानं वाटी मागून घेतली.

दोन-तीन दिवसांनी ताप आला. कांचननं आधी घरीच ओल्या पट्ट्या ठेवल्या, मग जुलाब आवरेनात तेव्हा झाशीला आणलं. दिल्लीच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं चालू होतं. ते म्हणत होते, लवकर इकडे आणा, आणि इकडचे म्हणत होते, हलवण्यासारखी अवस्था नाही. अंबिकाबाई आणि नाना इस्पितळात त्याच्या खोलीच्या दाराबाहेर बसून होते. आत कोणी सोडत नव्हतं. काचेतून दिसणाऱ्या मशीनवरची रेघ वरखाली होई ती बघून अंबिकाबाई मान हलवत.

त्यातच वटपौर्णिमा आली. सासूनं इस्पितळातून फोन करून सांगितलं की पूजा चुकवू नकोस, आजच्या दिवशी तर नकोच. नीरजा वडापाशी गेली. सूत सोडत फेऱ्या घालू लागली. इंदू तिच्या पुढेच होती, ती मागे वळून काही म्हणणार होती, पण नीरजाचं तोंड बघून परत फेरीला लागली. नीरजानं फेऱ्या पुऱ्या घातल्या. हात जोडले. वडाकडे तिनं काहीच मागितलं नाही. जे मागायचं होतं ते मागता येत नव्हतं आणि जे मागायला पाठवलं होतं ते तिला नको होतं. दुपारी दिवाकर गेला.

एरचला त्याला जाळला तेव्हा नाना तिथं गेले. दुसऱ्या दिवशी राख सावडताना त्यांनी दिवाकरच्या भावाला बाजूला घेतलं आणि हात जोडून छातीच्या जागची चिमूटभर राख मागितली. ती आमच्या मुलाची आहे, म्हणाले. भाऊ आधी समजलाच नाही. समजल्यावर त्यानं म्हाताऱ्याला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. काठी घेऊन त्यानं सगळी राख एकत्र ढवळली आणि म्हणाला, "छाँट लीजिए बाबूजी।"

नाना रिकाम्या हातानं परत आले. तरी त्यांनी दहावा करायचं ठरवलं. राजाभाऊ म्हणाले की ह्याला शास्त्र नाही, माणसाचा दहावा एकदाच होतो, हृदयाचा वेगळा कसा करू. नाना म्हणाले, मग मी करतो, तुम्ही नुसते उभे राहा. राजाभाऊ आले. तोच घाट, तेच करंजाचं झाड. पिंड ठेवला. लाडू ठेवला. नीरजाला बरोबर आणलं होतं.

तिनं सकाळीच ठरवलं होतं. पिंडाला कावळा शिवला की मंगळसूत्र काढून पाण्यात सोडायचं आणि थेट स्टेशन. विद्याधर भुसावळला रुजू झाला होता आणि तिथं वाट बघत होता. शब्दात जी मुदत होती ती संपली होती. जोवर हृदय चालू आहे तोवर. ते आता चालू नव्हतं.

कावळा आला नाही. ढग होते, पण पाऊस नव्हता आणि वारा नव्हता. झाडावर कावळे बसलेले होते, मागच्यासारखेच. नाना थोडा वेळ थांबले. मग त्यांनी हात जोडले आणि घसा साफ केला. ते घसा साफ करणं नीरजाला ओळखीचं होतं.

"मंदार," नाना म्हणाले, "तू काळजी करू नकोस. जोवर आम्ही दोघं जिवंत आहोत तोवर नीरजा..."

पुढचं बोलणं त्यांचं तोंडातच राहिलं. नीरजा राजाभाऊंच्या पुढ्यात वाकली होती आणि तिनं दर्भाची जुडी उचलली होती. बायका त्याला हात लावत नाहीत. राजाभाऊ मागे सरकले. तिनं दोन काड्या पिळून गाठ मारली. तिला नीट येत नव्हतं, गाठ सुटली, तिनं परत मारली. अंबिकाबाई उठून तिच्याजवळ आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं. कांचननं भरलेल्या बांगड्या त्यांच्या बोटांखाली करकरल्या. नानांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात त्या म्हणाल्या:

"उकळलंय असं तू सांगितलंस. मी कांचनला सांगेन. मग बघू कुठं जातेस."

"सांगा," नीरजा म्हणाली. "दूध निरसं आहे ते तुम्हाला माहीत होतं. चमचा तुमच्या हातात होता, आई."

अंबिकाबाईंनी हात सोडला नाही, पण पकड राहिली नाही. नुसता हात ठेवल्यासारखा राहिला. थोड्या वेळानं तोही गळाला. त्या परत जाऊन घाटावर रोवलेल्या मोठ्या छत्रीखाली बसल्या.

नीरजानं दर्भाचा कावळा पिंडाला लावला. भाताचा एक गोळा सुटून खाली पडला, बस एवढंच. मग तिनं मंगळसूत्र काढलं. पाण्यापर्यंत जायचं तिच्या मनात होतं, ते तिनं केलं नाही. लाडवाशेजारी ठेवलं आणि चढणीला लागली.

नाना मागून म्हणत होते की हा खरा कावळा नाही, हे धरायचं नाही, आम्ही बसतो इथंच, तो येईपर्यंत बसतो. राजाभाऊंनी आपली पिशवी उचलली. म्हातारा-म्हातारी छत्रीखाली तशीच बसून राहिली, झाडाकडे तोंड करून.

रस्त्यावर पोचेपर्यंत नीरजाचा फोन वाजला. कांचन होती. सासूनं फोन केला की काय, असं तिच्या मनात आलं. एवढ्यात कसा करेल. तिनं उचलला.

कांचनचा आवाज बसलेला होता. तिच्या घरात तेरावी व्हायची होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली की इस्पितळात डॉक्टर विचारत होते, काय खाल्लं होतं, बाहेरचं काही दिलं होतं का. तिनं सांगितलं होतं की बाहेरचं काहीच नाही, सगळं घरचं. पण त्या दिवसापासून ती एकेक आठवत बसली होती. एकदा काकडी चिरलेल्या सुरीनंच त्यांचा उकडलेला बटाटा कापला होता. एकदा पाणी उकळी फुटायच्या आतच उतरवलं होतं. दिवाकरची आई म्हणत होती की तूच मारलंस. तिला स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं. एवढं एकच विचारायचं होतं, मग ती विचारणार नव्हती.

"वो प्रसाद तो उबला ही था न, दीदी?"

समोरून झाशीचा टेम्पो येत होता. नीरजानं हात केला.

"उबला ही था," ती म्हणाली.

पलीकडे भांडी घासणारं कोणी थांबलं असावं, कारण आवाज बंद झाला.

"तो फिर मेरे ही हाथ से हुआ," ती म्हणाली. "माफ़ करना दीदी। आपके उनका दिल मुझसे सँभला नहीं।"

टेम्पो थांबला. आतल्या बायकांनी सरकून जागा केली. नीरजा चढली, बसली, पदर सावरला.

"कोई बात नहीं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.